सर्व्हरमध्ये दुसरा प्रोसेसर बसवताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

दोन सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसरसाठी दोन जागा असलेला, सर्व्हर एकाच प्रोसेसरवर सुरू करायचा आणि काम वाढले की दुसरा बसवून घ्यायचा, ही रीत इंदूरच्या लहान-मध्यम कार्यालयांत चांगलीच रुळली आहे. पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, छापखाने, शिकवणी वर्ग अशा ठिकाणी संगणकाचे सगळे काम बहुधा एकाच माणसाकडे असते आणि हेही काम शेवटी त्याच्याच गळ्यात पडते. ज्याने डेस्कटॉप अनेकदा उघडला आहे, पण सर्व्हरच्या प्रोसेसरला अजून हात लावलेला नाही, अशा माणसासाठी हा लेख आहे. प्रोसेसर जागेवर बसवण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या तासात उरकते. मात्र दुसरा प्रोसेसर कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत हीटसिंक, पंखे, रॅमची नवी मांडणी, विजेचा वाढीव भार आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा खर्चही येतो. हे सारे आधी जुळवून ठेवले नाही, तर उघडलेला सर्व्हर टेबलावर आणि सोमवारची सकाळ दारात, अशी अवस्था होते.

गरज खरोखर आहे का?

सर्व्हर संथ चालतो ही तक्रार खरी असली, तरी तिचे कारण प्रोसेसरच असेल असे नाही. खरेदीचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी किमान आठवडाभर गर्दीच्या वेळची नोंद ठेवावी. लिनक्सवर ‘टॉप’ या आज्ञेत ‘डब्ल्यूए’ हा आकडा सतत चढा दिसत असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसला आहे, आणि तिथे दुसरा प्रोसेसर आणून फक्त वाट पाहणारे दोघे होतील. अशा वेळी तेच पैसे एसएसडीवर खर्च करावेत. रॅम भरून स्वॅप (रॅमऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरला जात असेल तर आधी रॅम वाढवावी. एकच कोर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत, असे चित्र असेल तर ते सॉफ्टवेअर एका वेळी एकाच कोरवर चालणारे आहे आणि कोरची संख्या दुप्पट केल्याने त्याचा वेग वाढणार नाही. सगळे कोर कामाच्या वेळेत बराच काळ ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहत असतील, किंवा आभासी यंत्रांची (व्हर्च्युअल मशीन) संख्या वाढवायची असेल, तरच हा खर्च सार्थकी लागतो.

आणखी एक कारण असू शकते, ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन सॉकेटच्या मदरबोर्डवर रॅमचे निम्मे स्लॉट आणि पीसीआय एक्सप्रेसचे काही स्लॉट दुसऱ्या सॉकेटला जोडलेले असतात. तो सॉकेट रिकामा असेपर्यंत ते स्लॉट निर्जीव असतात, त्यांत काहीही लावले तरी सर्व्हरला ते दिसत नाही. नेटवर्क कार्डासाठी जागा नाही म्हणून कोणी नवा सर्व्हर घ्यायला निघाले असेल, तर आधी हे तपासून पाहावे.

जोडीदाराची निवड

प्रथम सर्व्हरवर दुसरा सॉकेट आहे की नाही, हे त्याच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. झिऑन ई-२२०० सारख्या मालिकेवर चालणारे टॉवर सर्व्हर एकाच सॉकेटचे असतात. सॉकेट असला तरी आत असलेला प्रोसेसर जोडीने चालणारा हवा. एएमडी एपिकच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘पी’ हे अक्षर असते, ते एकट्याने चालण्यासाठीच बनवलेले असते. इंटेलच्या झिऑन स्केलेबल मालिकेत ‘यू’ या अक्षराचा अर्थ तोच. असा प्रोसेसर आत असेल तर एक नव्हे, दोन नवे घ्यावे लागतील.

जोडीचा नियम सरळ आहे: दोन्ही सॉकेटमध्ये एकाच मॉडेलचे प्रोसेसर. २०१७ साली आलेल्या झिऑन स्केलेबल मालिकेत क्रमांकातला दुसरा अंक पिढी सांगतो. ६१३० हा पहिल्या पिढीचा, ६२३० हा दुसऱ्या. दोन्ही एलजीए ३६४७ याच सॉकेटमध्ये बसतात, आणि नेमकी इथेच फसगत होते, कारण बसतात म्हणजे एकमेकांशेजारी चालतात असे नाही. मॉडेलसोबत स्टेपिंगही, म्हणजे त्या मॉडेलची उपआवृत्तीही, तीच मिळाली तर उत्तम. त्यासाठी धातूच्या झाकणावर कोरलेला, बहुधा ‘एसआर’ ने सुरू होणारा संकेत जुन्या आणि नव्या प्रोसेसरवर ताडून पाहावा.

सर्व्हर चार-पाच वर्षांचा असेल तर नवा करकरीत प्रोसेसर मिळणे अवघड असते आणि वापरलेला घ्यावा लागतो. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली तर असे भाग मागवून देणारे दुकानदार भेटतात, आणि वापरलेला प्रोसेसर घेण्यात मला गैर काही वाटत नाही, कारण नीट वापरलेला प्रोसेसर सहसा झिजत नाही. फक्त तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी पाहाव्यात. कोरलेला संकेत ‘क्यू’ ने सुरू होत असेल किंवा झाकणावर ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शब्द असेल, तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. खालच्या सोनेरी टिकल्यांवर ओरखडे, काळे डाग किंवा उष्णतावाहक पेस्टचे शिंतोडे नसावेत, आणि बाजूच्या हिरव्या कडा तुटलेल्या नसाव्यात. एपिकच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा: हा कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढला आहे? काही निर्मात्यांच्या सर्व्हरमध्ये एकदा चालवलेला एपिक सुरक्षेच्या कारणास्तव त्याच निर्मात्याशी कायमचा बांधला जातो आणि इतरांच्या बोर्डावर तो सुरूच होत नाही.

सोबत काय काय लागेल

हीटसिंक त्याच सर्व्हर मॉडेलसाठी असलेला आणि प्रोसेसरच्या उष्णतेला पुरणारा हवा. गोल्ड ६१३० ची उष्णता १२५ वॉट धरलेली आहे, तर सिल्व्हर ४११० ची ८५ वॉट, त्यामुळे एकासाठीचा लहान हीटसिंक दुसऱ्याला चालेलच असे नाही. पंख्यांचे तेच. अनेक दोन-यू (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीच्या) सर्व्हरमध्ये एका प्रोसेसरला चार आणि दोन प्रोसेसरना सहा पंखे लागतात, एचपीईचा डीएल ३८० जेन १० हे त्याचे उदाहरण, आणि रिकाम्या जागी प्लॅस्टिकचे ठोकळे बसवलेले असतात. पंखे कमी पडले तर सर्व्हर सुरू होण्यास नकार देतो किंवा सतत इशारा देत राहतो.

रॅमचा विचार सर्वांत आधी करावा, कारण दुसऱ्या प्रोसेसरच्या वाट्याला रॅमच ठेवली नाही, तर तो प्रत्येक वेळी पहिल्या प्रोसेसरच्या रॅममधून, मधल्या जोडमार्गाने माहिती आणत बसतो आणि वेग वाढण्याऐवजी खर्च तेवढा वाढतो. दोन्ही बाजूंना समान पट्ट्या, समान क्षमतेच्या, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने लावाव्यात. उदाहरणार्थ डेलच्या आर ७४० मध्ये पहिल्या प्रोसेसरचे स्लॉट ए १ ते ए १२ आणि दुसऱ्याचे बी १ ते बी १२ असतात, आणि प्रत्येक प्रोसेसरला रॅमच्या सहा वाहिन्या असतात. आज ए बाजूला १६ जीबीच्या बारा पट्ट्या असतील, तर ए ७ ते ए १२ मधल्या सहा काढून बी १ ते बी ६ मध्ये लावल्या की नवी रॅम न घेता दोन्ही प्रोसेसरच्या सहाही वाहिन्या भरतात.

विजेचा हिशेब करताना प्रोसेसरचा आकडा, वाढीव पंखे आणि रॅम मिळून साधारण दोनशे वॉटची वाढ धरून चालावे. दोन पॉवर सप्लाय असतील तर एक बंद पडल्यावर उरलेल्या एकाला संपूर्ण भार पेलला पाहिजे. यूपीएसचा बॅकअपही त्या प्रमाणात घटेल, तेव्हा सर्व्हर आपोआप बंद होण्याची ठरवलेली वेळ नव्याने तपासावी.

लायसन्सचा भाग तांत्रिक माणसे विसरतात आणि मग हिशेब तपासनीस आठवण करून देतो. विंडोज सर्व्हरची लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोरच्या संख्येवर मोजली जातात; प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोर मोजावेच लागतात. सोळा कोरच्या एका प्रोसेसरवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये तसाच दुसरा बसवला, की बत्तीस कोरची लायसन्स लागतात. डेटाबेसच्या लायसन्सची किंमत काही वेळा प्रोसेसरच्या किमतीहून कितीतरी जास्त निघते. ही बेरीज प्रस्तावातच लिहावी, संचालक मंडळासमोर नंतर हात जोडण्यापेक्षा ते बरे.

दिवस ठरवणे आणि पूर्वतयारी

मार्चअखेर आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस टाळावेत, हे कोणीही सांगेल. रंगपंचमीची सुट्टी या कामासाठी मोहक वाटते, पण त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते, राजवाडा परिसरात वाहन नेता येत नाही आणि एखादा स्क्रू हरवला तरी उघडे दुकान सापडत नाही. बाजार उघडा असेल अशा दिवशी, कार्यालय सुटल्यावर काम सुरू करावे आणि पुढचा निम्मा दिवस हाताशी राखून ठेवावा.

आदल्या दिवशी पूर्ण बॅकअप घ्यावा आणि त्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहावी. बायोस आणि व्यवस्थापन कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवता येणारी यंत्रणा (डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ), यांची नवी आवृत्ती जुन्या प्रोसेसरवरच चढवून घ्यावी. तिचा प्रोसेसरशी संबंध असा की नव्या स्टेपिंगची ओळख बायोसमधल्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरसाठीच्या मूलभूत सूचनांमुळे) होते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कसाठीचे कुलूप) असेल तर तो तात्पुरता थांबवून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर बदलानंतर सर्व्हर की मागत थांबतो आणि ती की त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असते. इव्हेंट लॉगमधल्या जुन्या चुका नोंदवून लॉग स्वच्छ करावा, म्हणजे उद्या दिसणारी चूक नवी आहे की जुनी, हा वाद उरत नाही.

इंदूरची धूळही याच दिवशी काढावी. सर्व्हर बाहेर नेऊन, पंख्यांची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा. सॉकेट उघडा असताना हवा मारणे मात्र पूर्ण वर्ज्य, कारण उडालेला कण नेमका पिनांत जाऊन बसतो.

साहित्यात टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या टोकाचा, ड्रायव्हर लागतो. एलजीए ३६४७ च्या हीटसिंकला टी ३० आणि एपिकच्या एसपी ३ सॉकेटच्या चौकटीला टी २०. शक्य असेल तर ठरावीक दाबाला आपोआप थांबणारा टॉर्क ड्रायव्हर आणावा. त्याशिवाय मनगटी पट्टा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड आणि चांगली टॉर्च.

स्थिर वीज

इंदूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. हिवाळ्यातही हवा कोरडीच असते आणि त्यात अंगावर लोकरी स्वेटर. याच दिवसांत दाराच्या कडीला हात लावताच चटका बसतो. तो चटका माणसाला जाणवतो तेव्हा हजारो व्होल्टचा असतो, आणि प्रोसेसरला इजा व्हायला त्याहून बराच कमी, हाताला कळणारही नाही एवढा पुरतो. म्हणून सुती कपडे घालावेत, गालिचावर उभे राहू नये आणि मनगटी पट्ट्याची क्लिप सर्व्हरच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. जुन्या वाड्यांतून कार्यालये झालेल्या इमारतींत भिंतीच्या प्लगमधले अर्थिंग भरवशाचे असतेच असे नाही, तेव्हा पट्टा प्लगला जोडण्याच्या भानगडीत पडू नये. आपण आणि सर्व्हर एकाच विद्युत पातळीवर असणे, एवढाच पट्ट्याचा हेतू आहे. पावसाळ्यात ही भीती कमी असते, पण गार गाडीतून आणलेला प्रोसेसर दमट खोलीत लगेच उघडू नये. खोक्यातच तासभर ठेवावा, म्हणजे त्यावर दव धरत नाही.

प्रत्यक्ष बसवणे

सर्व्हर रीतसर बंद करावा आणि मागच्या सर्व पॉवर केबल, एक नव्हे दोन्ही, काढाव्यात. त्यानंतर पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मदरबोर्डवरचा दिवा विझल्याची खात्री होईपर्यंत आत हात घालू नये. केबलींचा फोटो काढून चिठ्ठ्या लावाव्यात, आणि रॅकमधून सर्व्हर काढायचा असेल तर दोघांनी मिळून काढावा.

वरचे झाकण आणि हवेची दिशा राखणारे प्लॅस्टिकचे आच्छादन काढले की दुसरा सॉकेट दिसतो. त्यावर धुळीपासून रक्षण करणारे झाकण असते. ते सरळ वर उचलावे. तिरके ओढले तर कडेच्या पिना वाकतात. हे झाकण आणि पंख्यांचे ठोकळे पिशवीत जपून ठेवावेत, कारण प्रोसेसर पुन्हा काढायची वेळ आली तर झाकणाशिवाय सॉकेट उघडा ठेवता येत नाही.

आता थोडे थांबून सॉकेट नीट पाहावा. एलजीए ३६४७ मध्ये नावाप्रमाणे ३६४७ संपर्क असतात, केसासारखे बारीक आणि मुळातच कललेले. टॉर्च वरून न धरता अगदी आडवी, बोर्डाच्या पातळीवर धरावी आणि हळूहळू चारही बाजूंनी फिरवावी. सगळ्या पिना शाबूत असतील तर प्रकाशाच्या रेघा शेतातल्या पेरणीच्या ओळींसारख्या सलग दिसतात. एखादा ठिपका मध्येच जास्त चमकला किंवा अजिबात चमकला नाही, तर तिथे पिन वाकली आहे किंवा काही अडकले आहे. अशा वेळी सुई, पिन किंवा चिमटा हातात घेऊ नये, प्रोसेसर बसवू नये, जवळून फोटो काढून विक्रेत्याशी बोलावे. वाकलेली पिन बहुतेक निर्माते वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून नवा बोर्ड असेल तर हा फोटो काम सुरू करण्यापूर्वीच काढलेला असणे फार मोलाचे ठरते. सॉकेटवर बोट, कापड, फुंकर यांतले काहीही जाता कामा नये.

एलजीए ३६४७ मध्ये प्रोसेसर आधी हीटसिंकला जोडतात आणि मग दोन्ही मिळून बोर्डावर उतरवतात. हीटसिंक टेबलावर उलटा ठेवावा. नव्या हीटसिंकला पेस्ट बहुधा आधीच लावलेली असते; तिच्यावर आणखी पेस्ट घालू नये आणि बोटही लावू नये. वापरलेला हीटसिंक असेल तर जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसून, वाळवून, निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे नवी लावावी. प्रोसेसर फक्त कडांना धरून प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवावा. त्याच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो; तोच त्रिकोण चौकटीवर आणि सॉकेटजवळही असतो, आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात आले पाहिजेत.

हा जोड बोर्डावरच्या मार्गदर्शक खुंट्यांच्या बरोबर वर आडवा, समतल धरून अलगद खाली सोडावा. तो आपल्याच वजनाने बसतो. बसत नसेल तर दाबू नये, सरळ वर उचलून पुन्हा त्रिकोण पाहावेत. बसल्यानंतर तो डावी-उजवीकडे हलवू नये. मग हीटसिंकवर छापलेल्या १, २, ३, ४ या क्रमानेच नट आवळावेत. पहिला नट आवळताना समोरची बाजू किंचित उचलल्यासारखी वाटते, त्याने घाबरू नये, पण पॉवर ड्रायव्हरही वापरू नये. या सॉकेटसाठी १२ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.३५ न्यूटन मीटर, एवढाच दाब लागतो. हाताने करताना नट थांबल्याचे जाणवताच हात थांबवावा. काढताना क्रम उलटा, ४ पासून १ कडे. एपिकमध्ये पद्धत वेगळी आहे: प्रोसेसर रुळांत सरकवून चौकट मिटवायची आणि तिचे तीन स्क्रू क्रमाने आवळायचे, हीटसिंक त्यानंतर. सॉकेट कोणताही असो, त्या मॉडेलच्या पुस्तिकेतले पान समोर उघडे असावे.

मग रॅम ठरवलेल्या क्रमाने लावावी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या पाहिजेत. पंखे बसवावेत, आच्छादन परत ठेवावे. आच्छादनाशिवाय ‘फक्त एकदा पाहू’ म्हणून सर्व्हर सुरू करू नये, हवा हीटसिंकमधून न जाता आजूबाजूने निघून जाते.

पहिली सुरुवात आणि तपासणी

पहिल्यांदा सुरू करताना पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात आणि पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. रॅमची नव्याने जुळणी चाललेली असते. या टप्प्यावर धीर सोडून वीज बंद करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. आयड्रॅक किंवा आयएलओच्या पानावर काय चालले आहे ते पाहत राहावे.

बायोसमध्ये दोन्ही प्रोसेसर, पूर्ण रॅम आणि सर्व पंखे दिसतात का, हे पाहून मगच ऑपरेटिंग सिस्टम सुरू होऊ द्यावी. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ या आज्ञेत सॉकेटची संख्या दोन दिसली पाहिजे, आणि ‘नुमा’ नोडही, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम मिळून होणारे गटही, बायोसच्या नेहमीच्या मांडणीत बहुधा दोन. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सॉकेटची संख्या दिसते. त्यानंतर ‘स्ट्रेस-एनजी’ सारख्या साधनाने दोन तास पूर्ण भार देऊन दोन्ही प्रोसेसरचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. एक दुसऱ्यापेक्षा पाच-सात अंशांनी गरम असणे चालते, विशेषतः एकाची गरम हवा दुसऱ्यावर जात असेल तर. वीस अंशांचा फरक असेल तर बहुधा हीटसिंक तिरपा बसला आहे. खोलीचा एसीही याच वेळी पारखून घ्यावा, सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी.

सर्व्हर सुरूच झाला नाही तर वीज काढून पहिल्यांदा रॅमच्या पट्ट्या दाबून पाहाव्यात. तरी नाही, तर प्रत्येक प्रोसेसरला एकेक पट्टी ठेवून पाहावे. तेही नाही, तर नवा प्रोसेसर काढून, सॉकेटला झाकण लावून, जुन्या मांडणीत सर्व्हर चालतो का हे पाहावे; चालला तर बोर्डाला इजा झालेली नाही एवढे तरी नक्की होते आणि कार्यालयाचे कामही सुरू राहते. सर्व्हर सुरू झाला पण बी बाजूच्या दोन-तीन पट्ट्या दिसत नाहीत, हा प्रकार बराच आढळतो, आणि त्याचे कारण रॅममध्ये क्वचितच असते. रॅमच्या वाहिन्या थेट प्रोसेसरमधून निघतात, त्यामुळे नट असमान आवळले गेले की काही संपर्क नीट टेकत नाहीत आणि नेमकी तेवढीच वाहिनी हरवते. नट ४ ते १ असे सोडवून, जोड उचलून, सॉकेट टॉर्चने पुन्हा पाहून, १ ते ४ असे पुन्हा आवळावेत.

पुढचे दोन आठवडे इव्हेंट लॉग रोज उघडावा आणि रॅमच्या दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा लिहून ठेवावा. तो एकाच स्लॉटवर वाढत असेल तर पट्ट्यांची अदलाबदल करावी: चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदलावी, स्लॉटवरच राहिली तर प्रोसेसर पुन्हा बसवावा, आणि विक्रेत्याने परतीची मुदत दिली असेल तर हे सगळे ती संपण्यापूर्वी करावे.